गालापाशी पडलेली फट

प्रिय गिरजा,

परवा पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीत मोटेची कडी काढायला उतरलो आणि बुडीच्या चष्म्यात पाणी शिरलं. म्हणून हे लिहायला बसलोय.

मला वाटलं, रबर फाटलं. वर येऊन उन्हात धरून पाहिलं, दाबून पाहिलं, ताणून पाहिलं. कुठं चीर नाही. काच ढिली नाही. पट्टाही बराबर. मग पुन्हा तोंडावर लावला आणि कडेनं बोट फिरवलं, तर डाव्या गालापाशी बोट सरळ आत गेलं! चष्मा होता तसाच आहे गं. माझेच गाल बसलेत. तू गेल्यापासून मी आरशात पाहिलेलं नाही, आणि ‘तोंड किती उतरलं तुमचं’ असं म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही. शेवटी पाण्यानं सांगितलं.

गिरजा! हे नाव घेऊन मी तुला कधी हाक मारली होती का? आबांसमोर ‘अगं’, आणि दोघंच असलो की ‘ऐकतीस का’. सगळा संसार त्या दोन शब्दांवर झाला. आज कागदावर नाव लिहिताना हात अडखळला.

तुला अक्षर येत नव्हतं. तू माहेरी बाळापुराकडं गेलीस की एकदोनदा वाटायचं, पत्र धाडावं. पण ते तुझ्या भावानं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं असतं. मग त्यात बैल बरा आहे आणि कापूस फुटला, याच्यापलीकडं मी काय लिहिणार होतो? आता मधे वाचणारं कुणी नाही. आता पाहिजे ते लिहिता येतं. पण आता काय उपयोग त्याचा!

तुला आठवतं, तू लग्न होऊन आलीस तेव्हा या घरात विहिरीत बुड्या मारणं म्हणजे मोठा मान होता? गावात कुणाची घागर पडो, पोहरा पडो, मोटेची लोखंडी कडी पडो, बोलावणं आबांनाच यायचं. आबा उघड्या डोळ्यांनी उतरायचे आणि तळाच्या गाळात हातानं चाचपून वस्तू काढायचे. नंतर त्यांच्या डोळ्यांवर साय धरली आणि ते काम माझ्याकडं आलं. बाकीचे दिवस शेत होतंच.

मी वर आलो की माझे डोळे लालभडक. तू रात्री कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध डोळ्यांत पिळायचीस आणि पुटपुटायचीस, "मामंजींचे डोळे या पाण्यानं खाल्ले. तुमचेबी घालवायचे हायेत का? मग मला कोन बघन?"

पाण्यानं डोळे जातात की नाही, मला माहीत नाही. पण तू हट्टाला पेटलीस.

लढाई संपली त्या साली हिंगोलीच्या बाजारात लष्कराचा लिलावातला माल आला होता. बूट, पट्टे, पत्र्याचे डबे, फाटके तंबू. त्यात रबराचे, एका काचेचे, नाकासकट डोळे झाकणारे चष्मे आलेत, असं कुणीतरी तुला सांगितलं. तू मला ज्वारीच्या खळ्यावरून उठवून नेलंस! मी म्हणत होतो, पुढच्या बाजाराला जाऊ. तू गाडी जुंपायला लावलीस.

तो दुकानदार चाचा तुला आठवतो ना? मेंदी लावलेली दाढी, आणि पुढ्यात तो काळ्या रबराचा ढीग. मी वरचाच एक उचलला आणि मागचा पट्टा करकचून आवळला. म्हटलं, झालं, चला. तू तो माझ्या डोक्यावरून काढूनच घेतलास.

"पट्ट्यानं आवळल्यावर काय, टोपलंबी बसंन तोंडावर. पट्टा न लावता बघा."

हे तुला कुणी शिकवलं होतं? मी किती वेळा विचारलं, तू हसण्यावारी न्यायचीस. एकदा म्हणालीस, दह्याच्या मडक्यावर झाकण बसतं की नाही हे बघायला कुणाला शिकावं लागतं का!

तू चष्मा माझ्या तोंडावर नुसता टेकवलास. "आता नाकानं जरासा वारा आत वढा. आन् धरून ठिवा." मी ओढला. तू हात काढलास. चष्मा धप्पकन मांडीवर पडला. दुसरा. तोही पडला. तिसरा चिकटला, पण त्याची काच नाकाच्या हाडाला टेकत होती. तू म्हणालीस, खाली गेल्यावर हा टोचणार. एकाचं रबर वाळून कडक झालं होतं. एकाच्या कडेखाली माझे कपाळावरचे केस अडकले, तर तू भर बाजारात बोटं ओली करून माझे केस मागं सारलेस. भोवती माणसं जमली. पोरं खिदळायला लागली.

चाचा वैतागून म्हणाला, "अरे पटेल, मुँह पे लगाने की चीज है, शादी की पगडी नै!"

तू मान वर न करता म्हणालीस, "पगडी ढिली झाली तर मानूस मरत न्हाई, चाचा."

चाचा पुढं सरकून बसला. मग तोच ढिगातून एकेक शोधून तुझ्या हातात द्यायला लागला. अखेर एक असा निघाला की मी नाकानं वारा ओढला, तू हात काढलास, मी मान खाली घातली, तरी तो हलला नाही. तू कडेनं बोट फिरवलंस. कपाळ, कानशील, गाल, दुसरा गाल. सगळीकडं नीट. ओठाच्या वर आलीस आणि थांबलीस.

"इथं मिशी आडवी येते," म्हणालीस.

तेवढ्यात एका पोरानं मला बेडूक म्हटलं, मला हसू आलं आणि चष्मा खाली पडला. "हसू नका! हसलं की गालाला घडी पडती, तिथून पानी जाईल!" असं ओरडता ओरडता तू स्वतःच पदर तोंडाला लावून हसत होतीस.

घरी आल्यावर तू काय केलंस, ते मी आबांना अजून सांगितलेलं नाही. आबा ओसरीवर होते. तू आत चष्मा लावलास आणि पिण्याच्या पाण्याच्या रांजणात गळ्यापर्यंत वाकलीस! मला वाटलं, तू पडलीस. तोंड वर काढलंस तेव्हा पाणी निथळत होतं आणि डोळे काचेमागं एवढे मोठे! "अवो, तळाला किती गाळ बसलाय! हेच पितो व्हय आपन?" मग रांजण उलटा केलास, राख लावून घासलास आणि नव्यानं भरलास. आबांनी विचारलं, आज रांजण काहून धुतला? तू म्हणालीस, धुवायचा दिवस होता.

चष्मा चांगलाच होता. तळाचं सगळं दिसायचं. शिंपल्या, खापराचे तुकडे, दगडाच्या फटीत शिरणारे मासे. आयुष्यभर ज्या विहिरींत उतरलो, त्या मी पहिल्यांदा बघत होतो. पण ओठावरून पाणी शिरायचंच. तू मिशीला लोणी चोपडून बघितलंस, मेण लावून बघितलंस. थोडा वेळ दम धरायचं, मग पुन्हा झिरपायचं. नाकानं फुंकून ते पाणी बाहेर काढावं लागायचं, आणि छातीतला वारा त्यातच सरायचा.

मिशी काढायची, हे तू कधी तोंडातून काढलं नाहीस. मीही नाही. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची? आपल्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. आणि आबांची स्वतःची मिशी कशी होती, तुला ठाऊक आहे. डोळे गेले तरी रोज सकाळी तेलाचं बोट तिच्यावर फिरायचं.

मग तो दिवस आला. तांड्यावरच्या जमनाबाईची सोनी.

तांडा आणि गाव यांच्या मधल्या त्या पडक्या विहिरीवर पोरगी पाण्याला गेली होती. काठावर घागर राहिली आणि सोनी आत गेली. लोकांनी गळ टाकले, दोर टाकले. काही लागेना. मला बोलावलं तेव्हा ऊन कलत होतं. पोरगी जिवंत नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं. पण जमनाबाई काठावरून उठायला तयार नव्हती. हातातल्या पांढऱ्या बलोती बांगड्या दगडावर आपटत होती आणि एकच म्हणत होती, "माझं लेकरू आत एकटं हाय. मला तिला माती देऊ द्या. कुनीतरी काढा तिला."

मी दोनदा उतरलो. विहिरीच्या पोटात एक कपार होती आणि तिच्यात जुन्या मोटेचं मोडकं लाकूड अडकलेलं होतं. तिथवर पोचेपर्यंत चष्मा अर्धा भरायचा आणि समोर सगळं गढूळ व्हायचं. दुसऱ्यांदा वर आलो तेव्हा तू काठावर दोर धरून उभी होतीस. माझ्याकडं बघितलंस. मी तुझ्याकडं. दोघांनाही एकच कळलं.

न्हावी गर्दीत होता. मी त्याला म्हणालो, काढ. तो मागं सरकला. "आबा जिते हायेत, मारोती. मी हात लावनार न्हाई." पण मागं सरता सरता त्यानं धोपटीतला वस्तरा काठावरच्या दगडावर ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

तो वस्तरा तू उचललास.

एवढ्या गावादेखत, तांड्यादेखत, माझी हनुवटी एका हातानं धरलीस आणि माझी मिशी उतरवलीस. ओठावर दोन ठिकाणी लागलं. तू पदरानं रक्त टिपलंस, चष्मा टेकवलास, म्हणालीस, "वारा वढा." हात काढलास. कडेनं बोट फिरवलंस. ओठावर जरा जास्तच वेळ.

"आता जावा."

आबाही तिथं होते. त्यांना दिसलं नाही, पण शेजारच्यानं त्यांच्या कानात सांगितलं. मी पाण्यात शिरता शिरता त्यांचा आवाज ऐकला. "मी जिता हाय अजून! मारोती, मी जिता हाय!"

खाली मला सगळं लख्ख दिसलं. लाकडाच्या पलीकडं, कपारीत, पाठीला भिंत लावून सोनी बसल्यासारखी होती. तिची ओढणी खिळ्याला अडकली होती. मी ती सोडवली. तिला काखेत घेतलं. याच्याबद्दल तुला मी तेव्हा जास्त बोललो नाही, आजही लिहवत नाही. इतकंच सांगतो, चष्म्यात एक थेंबही आला नाही. सोनी तिच्या आईच्या मांडीवर गेली. जमनाबाईनं आधी पोरीचे केस नीट केले, आणि मगच हंबरडा फोडला.

घरी आल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. हात पुढं करून माझा ओठ चाचपला आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. "कोनी काढली?"

मी म्हणालो, "मीच काढाया सांगितली, आबा."

तू चुलीपासून म्हणालीस, "मी काढली, मामंजी. माझ्या हातानं."

काहून बोललीस गं? गप्प बसली असतीस तर? माझ्यावरचा राग त्यांनी आठ-पंधरा दिवसांत गिळलाही. पण तुझ्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच. सून असून तुला लेकीसारखं वागवणारा माणूस, तुझ्या हातची भाकरी खायचा आणि मला सांगायचा, "तिला म्हनावं, मीठ कमी हाय." आणि तूही काही कमी नव्हतीस! तीन हातांवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याला मलाच निरोप द्यायला लावायचीस, "त्यांना म्हनावं, कालच्या एवढंच हाय." मी मधे बसून दोघांचे निरोप पोचवायचो. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. आज त्या निरोपांसाठी जीव तुटतो.

मिशी मी पुन्हा वाढवली नाही. तू म्हणायचीस, बिनमिशीचा चेहरा पोरासारखा दिसतो. हे चांगलं की वाईट, ते मात्र सांगितलं नाहीस. आता कुणाला विचारू?

श्रावणात तुला ताप चढला. हिवताप, म्हणाले. काढे झाले, हिंगोलीचं कडू औषध झालं. एक दिवस उतार पडायचा, की दुसऱ्या दिवशी दात वाजायला लागायचे. आबा उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तिथंच थांबायचे. एकदा म्हणाले, "तिला म्हनावं, पानी पी."

मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तर अंथरुणातून तूच म्हणालीस, "पिते, मामंजी."

आबा बराच वेळ उंबऱ्यात उभे होते. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तू गेलीस. एवढी कसली घाई होती? अजून एक दिवस थांबली असतीस, तर बोलले असते ते. मला खात्री आहे.

पुढचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. दहाव्याला आम्ही कयाधूच्या काठी होतो. न्हावी वस्तरा लावत होता. आबा काठी टेकत पुढं आले आणि त्याच्यासमोर बसले. न्हावी गडबडला. "आबा, सुनेसाठी सासरा बसत न्हाई."

"मला ठावं हाय," आबा म्हणाले. "चालव."

मिशी उतरली, गिरजा. सगळे बघत राहिले. आबांनी नदीत हात घालून तोंड धुतलं आणि कुणाशी न बोलता गाडीत जाऊन बसले. मी काही विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं या घरात असे राहतो, जशी एका दावणीची दोन मुकी जनावरं. भाकरी मी थापतो. एक बाजू करपते, एक कच्ची राहते. आबा मीठ कमी आहे असंसुद्धा म्हणत नाहीत. अर्धी खाऊन ताट सारतात, मग माझीही अर्धी राहते. गाल बसणार नाहीत तर काय?

परवा चष्म्यात पाणी शिरल्यावर काल हिंगोलीला गेलो. सध्याचे दिवस वंगाळ आहेत, लुटालुटीच्या भीतीनं लोक उन्हं उतरायच्या आत दुकानं लावून घेतात. पण चाचा होता. ढीग आता लहान झालाय. त्यानं मला ओळखलं, आणि माझ्या मागं बघितलं. "बाई नै आए?"

"घरी हाय," मी म्हणालो.

का असं म्हणालो, मला माहीत नाही. ते म्हणताना क्षणभर बरं वाटलं, एवढं खरं.

मग मी खाली बसलो आणि एकेक चष्मा लावून बघितला. पट्टा न लावता. नाकानं वारा ओढून. एक कपाळाशी उघडा राहिला, एकाची काच टेकत होती, एक चिकटला आणि लगेच सुटला. आपला हात आपल्या तोंडावर नीट फिरत नाही गं. कान कुठं, गाल कुठं, सगळं उलटं वाटतं. बऱ्याच वेळानं एक लहान चणीचा निघाला. वारा ओढला, हात सोडले, मान खाली घातली. तो तसाच राहिला. आणि मी वळून उजव्या अंगाला तोंड केलं, तू बोट फिरवावंस म्हणून. तिथं शेंगांचं पोतं होतं.

चाचा माझ्याकडं बघत होता. त्याला काय कळलं कुणास ठाऊक. चष्मा रुमालात बांधून देताना हळूच म्हणाला, "कुछ खाया करो, पटेल."

आज सकाळी नवा चष्मा घेऊन निघालो. पाटलांची कडी अजून तळाशीच आहे. परवा मी एकटाच उतरलो होतो, वर दोर धरायला कुणी नव्हतं. तू असतीस तर मला काठावरूनच माघारी हाकललं असतंस. दारातून निघता निघता पाय थांबले. ओसरीवर आबा बसले होते.

म्हणालो, "आबा, विहिरीवर येता का?"

"माझं काय काम तिथं?"

"दोर धरायला कोनी न्हाई."

"मला दिसत न्हाई, लेकरा."

"दोर वढला की हाताला कळतंय. दिसायला काहून पायजे?"

त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाले, "इकडं ये. कसला आनलास, बघू दे." मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि चष्मा तोंडाला लावला. त्यांनी कडेनं बोट फिरवलं, जाड, फुटलेलं बोट. सगळीकडून फिरवून झाल्यावर ते बोट माझ्या गालावरच राहिलं.

"किती वाळलास रं," आबा म्हणाले. आणि मग, तू गेल्यापासून पहिल्यांदा, ते रडले. मीही. चष्मा काढावा लागला.

आज विहिरीवर गेलोच नाही. मी भाकरी केली. आबांनी सगळी खाल्ली, मीही. जेवताना ते म्हणाले, "ती पीठ मळताना पानी कोमट घ्यायची." त्यांचं लक्ष तुझ्याकडं नव्हतं असं तुला वाटायचं ना? त्यांना सगळं ठाऊक होतं.

उद्या आम्ही दोघं जाणार आहोत. मी तुला वचन देतो गिरजा, इथून पुढं मी कोणत्याच विहिरीत एकटा उतरणार नाही. आबा आहेत तोवर आबांच्या हातात दोर देईन, त्यांच्यानंतर कुणालातरी हाक मारीन. आणि वर आलो की, खाली काय काय दिसलं, ते सगळं त्यांना सांगत जाईन. त्यांनी त्या विहिरी कधीच पाहिल्या नाहीत.

तुझ्याविना राहायला शिकणारा,
मारोती